देश आधी की घर आधी? ओमानी आणि फिलिपिनो साहित्याचे उत्तर

मार्च १८८७ मध्ये दोन घटना घडल्या. मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना निकाल सुनावला: वयाच्या अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लावून दिले गेले त्या नवऱ्याकडे नांदायला जा, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगा. त्याच महिन्यात बर्लिनमधील एका छापखान्यातून ‘नोली मे तांगेरे’ ही स्पॅनिश भाषेतील कादंबरी बाहेर पडली. तिचा लेखक होसे रिझाल हा पंचवीस वर्षांचा फिलिपिनो डॉक्टर होता. छपाईचे पैसे त्याने मित्राकडून उसने घेतले होते आणि प्रती दोन हजारच काढल्या होत्या. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. प्रश्न मात्र एकच होता. परक्या सत्तेखाली असलेल्या समाजात तरुण माणसाच्या आयुष्याचा निर्णय कोणी घ्यायचा?

रखमाबाईंच्या खटल्याने पुण्यात उसळलेला वाद मराठी वाचकाला परिचित आहे. परक्या सरकारने आमच्या लग्नाच्या रीतींत हात घालू नये, आधी राजकीय हक्क मिळवावेत, घरातील दुरुस्ती आपली आपण करू, अशी एक बाजू होती आणि तिचे नेतृत्व टिळकांकडे होते. माणसाला घरातच स्वतःच्या आयुष्यावर हक्क नसेल तर राजकीय हक्कांचा पाया कशावर उभारणार, ही आगरकरांची बाजू होती. १८८१ मध्ये ‘केसरी’ एकत्र सुरू करणारे हे दोन मित्र या व अन्य मतभेदांमुळे दुरावले. १८८८ मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हे शब्द तेव्हापासून मराठी वैचारिक इतिहासात रुजले.

पाठ्यपुस्तकांत हा वाद कधीच संपला आहे. मस्कतमधील मराठी घरांत तो वेगळ्या वेषात चालूच असतो. येथील मुले भारतीय शाळांत शिकतात, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनाला उभी राहतात आणि नोव्हेंबरात ओमानच्या राष्ट्रीय दिनी तांबड्या-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्याही गळ्यात घालतात. देशप्रेमाचा अभ्यासक्रम पक्का असतो. तीच मुले पंचविशीला पोचली की लग्नाचा विषय निघतो. मग देश, भाषा, जात, गाव आणि आजीची इच्छा ही सारी मंडळी एकाच वेळी बैठकीत येऊन बसतात.

याच शहरात मराठी माणसाच्या अवतीभवती आणखी दोन समाज आहेत. एक यजमान ओमानी समाज आणि दुसरा फिलिपिनो सहकाऱ्यांचा. रुग्णालयातील परिचारिका, हॉटेलातील व्यवस्थापक, कार्यालयातील हिशेबनीस अशा नात्याने त्यांची रोज भेट होते, पण त्यांच्या साहित्याची ओळख क्वचितच होते. तारुण्य, विवाह आणि देशप्रेम या तीन विषयांवर या दोन्ही साहित्यांत जे लिहिले गेले आहे, ते पुण्यातील त्या जुन्या वादाला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते.

कायद्याने अभ्यासाला लावलेली कादंबरी

फिलिपिन्समध्ये १९५६ चा एक कायदा आहे. ‘रिझाल कायदा’ या नावाने तो ओळखला जातो. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक शाळा-महाविद्यालयात रिझालचे चरित्र आणि लेखन शिकवले गेलेच पाहिजे, असे तो सांगतो. ‘नोली मे तांगेरे’ आणि तिचा उत्तरार्ध ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या दोन कादंबऱ्यांचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. पाद्र्यांच्या सत्तेवर या कादंबऱ्यांत कठोर टीका असल्याने कॅथलिक चर्चने कायद्याला जोरदार विरोध केला. अखेर धार्मिक कारणास्तव सूट मागण्याची तरतूद ठेवून तो संमत झाला.

याचा अर्थ असा, की मस्कतच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी फिलिपिनो परिचारिका ही कादंबरी शाळेच्या बाकावर बसून शिकलेली असते. मराठी शाळेत हरिभाऊ आपट्यांची संपूर्ण कादंबरी कायद्याने सक्तीची असती, तर आपल्या वैवाहिक चर्चांचा सूर काय असता, हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

ओमानी साहित्याची जगाला ओळख अलीकडची. जोखा अल्हार्थी यांची ‘सय्यिदात अल-कमर’ ही अरबी कादंबरी २०१० मध्ये बैरूतहून प्रसिद्ध झाली. मेरिलिन बूथ यांनी केलेल्या ‘सेलेस्टियल बॉडीज’ या इंग्रजी अनुवादाला २०१९ चे मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक अरबी भाषेतील पुस्तकाला प्रथमच मिळत होते. १९७८ मध्ये जन्मलेल्या अल्हार्थी यांनी एडिनबरो विद्यापीठातून अभिजात अरबी साहित्यात डॉक्टरेट मिळवली असून त्या मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात अध्यापन करतात. २०२३ मध्ये झहरान अल-कासमी हे आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पारितोषिक मिळवणारे पहिले ओमानी लेखक ठरले. अवघ्या चार वर्षांत या छोट्या देशाच्या कादंबरीकडे जगाचे लक्ष वळले.

तारुण्य: आशा म्हणून आणि ओझे म्हणून

रिझालने १८७९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, फिलिपिनो तरुणाईला उद्देशून एक स्पॅनिश कविता लिहिली. मनिलातील एका साहित्य स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले. तरुण हीच मातृभूमीची आशा, हा तिचा गाभा. आज हे वाक्य गुळगुळीत वाटेल. पण मातृभूमी म्हणजे स्पेन अशी ज्या वसाहतीत अधिकृत समजूत होती, तेथे एका मुलाने तो शब्द फिलिपिन्ससाठी वापरला, यात तिचे धाडस होते.

बारा वर्षांनी, १८९१ मध्ये, बेल्जियममधील घेंट येथे छापलेल्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’त त्याच तरुणाईचे चित्र बरेच गडद झालेले दिसते. मनिलाचे विद्यार्थी स्पॅनिश भाषा शिकवणारी संस्था काढण्याची परवानगी मागतात. अर्ज फिरत राहतो, बडे लोक आश्वासने देतात आणि शेवटी पदरी निराशा येते. काही विद्यार्थी तुरुंगात जातात, काही शहाणे होऊन गप्प बसतात. तरुणांना आशा म्हणायचे आणि त्यांचा अर्ज दाबून ठेवायचा, हा दुटप्पीपणा रिझालने नेमका पकडला.

कादंबरीतील या प्रसंगाला वास्तवातही जोड आहे. डिसेंबर १८८८ मध्ये मलोलोस गावातील वीस तरुणींनी गव्हर्नर जनरलकडे स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळेची मागणी केली. आधी नकार मिळाला. पाठपुराव्यानंतर शाळेचा खर्च मुलींनीच सोसावा अशा अटींवर होकार आला. रिझालने फेब्रुवारी १८८९ मध्ये लंडनहून त्यांना तगालोग भाषेत दीर्घ पत्र लिहिले. आंधळे आज्ञापालन हा सद्गुण मानू नका, विचार करायला शिका आणि मुलांनाही तेच शिकवा, असे त्याचे सांगणे होते. देशाच्या स्वातंत्र्याची चर्चा त्याने मुलींच्या शाळेपासून सुरू केली. आगरकरांना हे पत्र वाचायला मिळाले असते तर ते त्यांना आवडले असते, यात शंका नाही.

ओमानमध्ये तारुण्याचा प्रश्न फार उशिरा आणि फार वेगाने आला. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस सत्तेवर आले तेव्हा देशभरात मोजून तीन आधुनिक शाळा होत्या. त्यांत सुमारे ९०० मुलगे शिकत होते, मुलगी एकही नव्हती. पहिले विद्यापीठ १९८६ मध्ये सुरू झाले. जे बदल महाराष्ट्रात सव्वाशे-दीडशे वर्षांत घडले, ते येथे एका माणसाच्या हयातीत घडले. ‘सय्यिदात अल-कमर’चे बळ या वेगात आहे. अल-अवाफी या काल्पनिक गावात आजी, आई आणि लेक एकाच छपराखाली राहतात, पण तिघींची शतके वेगळी असतात.

या कादंबरीतील खालिद हे पात्र परदेशस्थ मराठी पालकाने आवर्जून वाचावे असे आहे. १९५० च्या दशकात ओमानच्या अंतर्भागातील इमामत आणि मस्कतचा सुलतान यांच्यात युद्ध झाले. ब्रिटिशांच्या मदतीने सुलतान जिंकला आणि इमामतीच्या अनेक समर्थकांना देश सोडावा लागला. खालिदचे वडील इसा हे त्यांपैकीच एक. ते कैरोत जाऊन राहतात, पण मनाने ओमान सोडत नाहीत. मुलांनी ओमानचा इतिहास, त्याचे पराक्रम आणि त्याची दुःखे विसरता कामा नयेत, हा त्यांचा ध्यास असतो. खालिद मोठा होऊन चित्रकार होतो. वडिलांच्या कल्पनेतील माणूस होऊन जगण्यातून सुटण्यासाठी त्याने कुंचला हाती घेतलेला असतो. पित्याचे देशप्रेम खरे आहे, त्यामागचे दुःखही खरे आहे. तरीही ते पुढच्या पिढीच्या छातीवर दगडासारखे बसू शकते, हे अल्हार्थी कोणालाही दोषी न ठरवता दाखवतात.

विवाह: जेथे समाज स्वतःचा हिशेब मांडतो

‘नोली मे तांगेरे’चा नायक इबारा सात वर्षे युरोपात शिकून मायदेशी परततो. त्याला गावात शाळा बांधायची आहे आणि मारिया क्लाराशी लग्न करायचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच शक्तीकडून उधळल्या जातात. पाद्री दामासो शाळेच्याही आड येतो आणि लग्नाच्याही. मारिया क्लारासाठी एक स्पॅनिश वर ठरवला जातो. आपल्या जन्माचे रहस्य उघड होऊ नये म्हणून तिला इबाराचे पत्र शत्रूच्या हाती द्यावे लागते. तेच पत्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. इबारा मेला असे समजल्यावर ती लग्न नाकारून मठात जाते. नायिकेचा खरा जन्मदाता तोच पाद्री असतो, हा तपशील सत्तेचे स्वरूप एका फटक्यात सांगून जातो. जो बाहेर धर्माच्या नावाने राज्य करतो, तोच घरातल्या मुलीचेही आयुष्य ठरवत असतो.

मारिया क्लारा पुढे फिलिपिनो स्त्रीचा आदर्श म्हणून पुजली गेली: सोज्ज्वळ, सोशिक, मूक. विसाव्या शतकातील लेखिका कार्मेन गेरेरो नाकपिल यांनी या आदर्शावर कडाडून टीका केली आणि त्याने फिलिपिनो स्त्रियांचे नुकसानच केले असे म्हटले. जी व्यक्तिरेखा समाजाच्या रोगाचे लक्षण म्हणून लिहिली गेली, तिलाच समाजाने नमुना मानले, हा साहित्यातील मोठा विपर्यास म्हणावा लागेल.

मराठीत याच काळात हरिभाऊ आपटे लिहीत होते. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला. म्हणजे सभांमधून कायद्याचा कीस पाडला जात असताना वाचक घरी बसून यमूची कहाणी तिच्याच तोंडून ऐकत होते. वैधव्यानंतर केशवपनाला तोंड देणारी यमू कोणताही युक्तिवाद करत नाही, काय घडले ते सांगत जाते. रखमाबाईंची कथा मात्र न्यायालयातच संपली नाही. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली.

फिलिपिनो साहित्यात विवाहाची दुसरी, अधिक घरगुती बाजूही आहे. पाझ मार्केझ बेनितेझ यांची ‘डेड स्टार्स’ ही १९२५ ची कथा इंग्रजीतील आधुनिक फिलिपिनो कथेची सुरुवात मानली जाते. वाङ्निश्चय झालेला एक पुरुष दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडतो, कर्तव्य म्हणून ठरलेले लग्न करतो आणि आठ वर्षांनी त्या दुसरीला भेटल्यावर त्याला कळते, की ज्या प्रकाशाकडे आपण पाहत होतो तो तारा केव्हाच विझला आहे. येथे कोणी कोणावर जुलूम करत नाही. निर्णय घेण्याचे धैर्य नसलेला माणूस स्वतःवर आणि दोन स्त्रियांवर अन्याय करतो, एवढेच.

मान्युएल अर्गिया यांची भाऊ शहरी बायको घरी आणतो त्या प्रसंगावरची कथा याहून प्रसन्न आहे. लुझॉनच्या उत्तर भागातील नाग्रेबकान गावात थोरला भाऊ मनिलाहून मारियाला घेऊन येतो. धाकटा भाऊ त्यांना बैलगाडीतून आणतो, पण वडिलांच्या सांगण्यावरून हमरस्त्याने न आणता शेतांमधून, अंधारातून आणतो. सुनेला भीती वाटली का, गावची माती, बैल, चांदणे तिला परके वाटले का, एवढेच सासऱ्याला पाहायचे असते. नववधूने माप ओलांडावे तशी ही परीक्षा. उंबरठ्याच्या जागी अख्खे शिवार. मुलाने स्वतः निवडलेली बायको वडील नाकारत नाहीत, तिला पारखून घेतात. १९११ मध्ये जन्मलेले अर्गिया दुसऱ्या महायुद्धात जपानी राजवटीविरुद्धच्या गुप्त लढ्यात उतरले आणि १९४४ मध्ये त्यांना ठार करण्यात आले. ज्या शिवारावर त्यांनी इतके प्रेमाने लिहिले, त्याच्यासाठी ते मेले. ‘देशभक्त लेखक’ म्हणून त्यांची निराळी ओळख करून देण्याची गरज उरत नाही.

आता ओमान. ‘सय्यिदात अल-कमर’मध्ये तीन बहिणी आहेत. शिवणयंत्रावर वाकून बसणारी मय्या लंडनहून परतलेल्या एका तरुणावर मूकपणे प्रेम करते. तिचे लग्न मात्र श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलाशी, अब्दल्लाशी होते. पहिल्या मुलीचे नाव ती ‘लंडन’ ठेवते आणि गाव आश्चर्यात पडते. आपल्यावर प्रेम आहे का, असे अब्दल्ला विचारतो तेव्हा ती मोठ्याने हसते. दुसरी बहीण अस्मा पुस्तकांत रमणारी. खालिदशी ती विचारपूर्वक लग्न करते आणि मातृत्वाला आपले ध्येय मानते. तिसरी खौला लहानपणी ठरलेल्या चुलतभावाची, नासिरची, वर्षानुवर्षे वाट पाहते. तो कॅनडातून येतो, वारशासाठी लग्न करतो आणि पुन्हा कॅनडाला निघून जातो. खूप वर्षांनी तो कायमचा परततो, संसार सुरळीत होतो आणि तेव्हा, सगळे स्थिर झाल्यावर, खौला घटस्फोट मागते. वाट पाहण्यात गेलेले तारुण्य परत मिळत नाही, हे तिने कोणाला समजावून सांगितलेले नसते.

पुढच्या पिढीत मय्याची मुलगी लंडन डॉक्टर होते, स्वतःच्या पसंतीच्या कवीशी विवाहाचा करार करते आणि त्याचे खरे रूप दिसल्यावर तो मोडते. ठरवलेले लग्न वाईट आणि प्रेमविवाह चांगला, असे सोपे समीकरण अल्हार्थी मांडत नाहीत. तुलना करायची ती आई आणि मुलीच्या चुकांची: आईला चूक करण्याचाही अधिकार नव्हता, मुलीला चूक करण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार मिळाला. एका पिढीतील प्रगती मोजण्याचे याहून प्रामाणिक माप सापडणे कठीण.

लग्न आणि देश यांचे नाते ओमानच्या कायद्यातही दिसते. १९९७ च्या वैयक्तिक कायद्याने विवाहाचे वय अठरा ठरवले. पालकाने संमती नाकारल्यास वधूला न्यायालयात दाद मागता येते. ओमानी नागरिकाला परदेशी व्यक्तीशी विवाह करण्यासाठी दीर्घकाळ सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. एप्रिल २०२३ मध्ये सुलतान हैथम यांच्या फर्मानाने ही अट रद्द झाली. कोणाशी लग्न करावे हा प्रश्न राष्ट्राच्या सीमेशी किती घट्ट बांधलेला असतो, याचे हे येथल्या मातीतील उदाहरण आहे.

देशप्रेम: जखम झाकणारे आणि जखम दाखवणारे

देश आणि लग्न एकाच खोलीत आणणारा प्रसंग रिझालच्या दुसऱ्या कादंबरीत आहे. सूडाने पेटलेला इबारा आता सिमून हे नाव धारण करून जवाहिऱ्याच्या वेषात परतला आहे. एका बड्या लग्नाच्या मेजवानीत तो वधूवरांना सुंदर दिवा भेट देतो. दिव्यात स्फोटक भरलेले असते. वात वर सरकवली की सारे सत्ताधीश पाहुणे एका क्षणात ठार आणि शहरात उठाव, असा बेत. वधू पाउलिता ही तरुण विद्यार्थी इसागानीची प्रेयसी होती. व्यवहार पाहून तिने दुसऱ्याला पसंत केले आहे. बेत कळताच इसागानी आत धावतो, दिवा उचलतो आणि नदीत फेकून देतो. क्रांती फसते.

यात इसागानी चुकला का, यावर फिलिपिनो वर्गांत अजूनही वाद होतात. रिझालचा कल कादंबरीच्या अखेरीस वृद्ध पाद्री फ्लोरेन्तिनोच्या मुखातून व्यक्त होतो: द्वेषातून आणि गुन्ह्यातून आलेले स्वातंत्र्य टिकणार नाही, लोक स्वतः स्वातंत्र्याला पात्र झाले की कोणी ते रोखू शकणार नाही. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात रिझालला गोळ्या घालण्यात आल्या. सशस्त्र उठावाला पाठिंबा न देणाऱ्या माणसालाच सत्तेने बंडाचा सूत्रधार ठरवले. त्याचा गुन्हा एकच होता: देशाचा रोग त्याने चारचौघांत उघडा केला होता. ‘नोली’च्या अर्पणपत्रिकेत त्याने समाजाच्या अवस्थेला दुर्धर व्याधीची उपमा दिली आणि ती लपवण्यापेक्षा दाखवणे पसंत केले. या व्याधीत स्पॅनिश सत्तेइतकेच फिलिपिनोंचे भित्रेपण आणि खुशमस्करीही मोडत होती.

अल्हार्थी यांनी ओमानबाबत हेच केले. व्यापारी सुलेमानचे वैभव गुलामांच्या व्यापारावर उभे आहे. त्याच्या घरातील झरीफा या गुलाम स्त्रीचा जन्म २५ सप्टेंबर १९२६ रोजी होतो. त्याच दिवशी जिनिव्हात गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सह्या होत असतात. त्या सह्यांची वार्ता अल-अवाफीपर्यंत पोचत नाही. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने रद्द झाली ती १९७० मध्ये. त्यानंतरही मरणपंथाला लागलेला सुलेमान अंथरुणातून हुकूम देत राहतो, की संजरला बांधून ठेवा. झरीफाचा मुलगा संजर मात्र आपण स्वतंत्र आहोत हे ठणकावून सांगतो आणि कुवेतला निघून जातो. आईला मालकाच्या घराचे पाश तोडता येत नाहीत. याच झरीफाने अब्दल्लाला आईच्या मायेने वाढवलेले असते. अन्याय आणि माया एकाच ओसरीवर नांदतात, हे सत्य पचवायला कोणत्याही समाजाला जड जाते. मराठी समाजालाही आपल्या वाड्यांचा इतिहास आठवून पाहता येईल.

झहरान अल-कासमी यांच्या कादंबरीत देशप्रेमाचा शब्दही नाही आणि तरीही देश प्रत्येक पानावर आहे. तिचा नायक जमिनीखालचे पाणी कानाने ऐकतो आणि फलजांसाठी झऱ्यांचा माग काढतो. फलज म्हणजे डोंगरातील पाणी उताराने गावात आणणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे पाट. असे सुमारे तीन हजार पाट ओमानमध्ये अजूनही वापरात आहेत आणि त्यांपैकी पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. गाव या विलक्षण मुलाला वेडा ठरवते, पाणी आटले की मात्र त्याच्या दारी येते. देश म्हणजे वाटून घ्यायचे पाणी आणि ते वाटताना पाळायची नीती, ही व्याख्या दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

परदेशातील मराठी घरासाठी

रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या युरोपात छापल्या गेल्या. अल्हार्थी यांनी आपली कादंबरी एडिनबरोतील वास्तव्यात लिहायला घेतली. दूर गेल्यावर गाव अधिक गोड दिसते हा नेहमीचा अनुभव. या लेखकांनी दूर राहण्याचा उपयोग गाव अधिक स्पष्ट पाहण्यासाठी केला. परदेशस्थ मराठी माणसाच्या देशप्रेमापुढेही हेच दोन मार्ग असतात. सणावारांचा, खाद्यपदार्थांचा आणि पराक्रमांचा वारसा मुलांपर्यंत पोचतोच. रखमाबाईंचा खटला, यमूचे केशवपन आणि ‘सुधारक’ का निघाला ही हकिगत मात्र बहुधा सुटून जाते. तीच सांगितली नाही, तर लग्नाच्या बैठकीत मुलगा किंवा मुलगी प्रश्न विचारते तेव्हा तो प्रश्न उद्धटपणाचा, परदेशी वाऱ्याचा वाटतो. वास्तविक तो प्रश्न अस्सल मराठी आहे आणि त्याचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे.

ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी क्रम उलटा ठेवावा. प्रथम अर्गिया यांची बैलगाडीची कथा. ती अर्ध्या तासात वाचून होते. मग ‘सेलेस्टियल बॉडीज’. तिच्यात काळ सतत पुढे-मागे होतो, तेव्हा आरंभी दिलेला वंशवृक्ष हाताशी ठेवावा. रिझालच्या दोन्ही कादंबऱ्यांचे हॅरोल्ड ऑगेनब्राउम यांनी केलेले इंग्रजी अनुवाद पेंग्विनने काढले आहेत. आणि ‘नोली’ वाचत असताना कार्यालयातील फिलिपिनो सहकाऱ्याला विचारून पाहावे, की इसागानीने तो दिवा फेकला ते बरोबर केले की चूक. जेवणाची सुट्टी पुरणार नाही.